हलतोय पैलवान, औषध हाताला

कोल्हापुरात फोटोग्राफीचा नाद लागलेल्या पोरानं टेली झूम घ्यायची म्हटली, की चार जाणती माणसं त्याला एकच सल्ला देतात. काय बी घे, पण आयएस नसलेली घेऊ नको. निकॉनवाल्याला हेच व्हीआर म्हणून सांगतात, टॅमरॉनवाल्याला व्हीसी म्हणून, सिग्मावाल्याला ओएस म्हणून. नावं कंपनीगणिक वेगळी, यंत्रणा तीच: हात थरथरला तरी फोटो हलू नये म्हणून लेन्सच्या पोटात बसवलेला स्टॅबिलायझर. हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो, की तो ऐकून पोरगं आधी स्टॅबिलायझर बघतं, मग किंमत बघतं आणि अ‍ॅपर्चरचा आकडा बघायचा राहूनच जातो. माझा आक्षेप या क्रमाला आहे. कुस्ती आणि फुटबॉल यांवर जीव टाकणाऱ्या गावात हा क्रम उलटा आहे आणि त्यापायी पैसेही जातात, फोटोही जातात.

आधी यंत्रणेला तिचं श्रेय देऊ. लेन्समधले गायरो सेन्सर हाताची थरथर मोजतात, भिंगांचा एक गट तेवढाच विरुद्ध दिशेला सरकतो आणि प्रतिमा जागेवर राहते. एसएलआर कॅमेऱ्यासाठी अशी पहिली लेन्स कॅननने १९९५ साली आणली, ७५-३०० मिमीची. तेव्हा दावा दोन स्टॉपचा होता (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट मंद करता येणं). २००६ च्या ७०-२०० एफ ४ आयएसमध्ये तो चार स्टॉपवर गेला, २०१८ च्या नव्या आवृत्तीत पाचवर. हे दावे पोकळ नाहीत. जुना ठोकताळा असा, की जेवढी फोकल लेंथ तेवढा शटर. २०० मिमीची लेन्स कॅननच्या क्रॉप बॉडीवर लावली तर १.६ ने गुणून ३२०, म्हणजे हातात धरून किमान १/३२० सेकंद. चार स्टॉपची मदत मिळाली तर तोच फोटो १/२० सेकंदाला काढता येतो, आणि समोरची वस्तू निश्चल असेल तर तो खरोखर धारदार येतो.

पण 'निश्चल असेल तर' ही अट सल्ला देताना कोणी सांगत नाही.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा फुटबॉल सामना चालू आहे. विंगवरून पोरगं ताशी २५ किलोमीटरने सुटलंय. हा वेग सेकंदाला साधारण सात मीटर होतो. १/२० सेकंदात तो खेळाडू ३५ सेंटिमीटर, म्हणजे एक फुटाहून जास्त पुढे गेलेला असतो. १/६० ला पकडला तरी बारा सेंटिमीटर. १/१००० ला सात मिलिमीटर, तेव्हा कुठं जर्सीवरचा नंबर वाचता येतो. स्टॅबिलायझरने तुमचा हात धरून ठेवला. खेळाडूला कोण धरणार? १/२० च्या फोटोत मागची गॅलरी, फ्लेक्स, कुंपणाची जाळी लख्ख येईल आणि मधोमध एक रंगीत धूर पळताना दिसेल. आणि १/१००० ला गेलात, तर हाताची थरथर त्या वेगाने आपोआपच गोठलेली असते, स्टॅबिलायझरला करायला काही उरत नाही. मैदानावरचे कित्येक छायाचित्रकार तो बंदच करून ठेवतात, ते उगाच नाही. ज्या मदतीसाठी जादा पैसे मोजले ती मदत १/१००० ला लागत नाही आणि १/२० ला उपयोगाची नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

खासबागेत हे आणखी स्पष्ट दिसतं. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं हे मैदान १९१२ पासून उभं आहे. मधोमध कुस्तीचा हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेला मातीचा उतार, म्हणजे कुठूनही बघा, कुस्ती दिसते. पण फोटोवाल्याला हाच उतार नडतो. पैलवानांच्या मागे भिंत नसते, मोकळं आकाश नसतं; असतात ती हजारो डोकी, फेटे, वर धरलेले मोबाइल. एफ ५.६ ला या सगळ्या गर्दीचे नाकडोळे मोजता येतात आणि पैलवान त्यात बुडून जातो. एफ २.८ ला हीच गर्दी विरघळते, मातीने माखलेली पाठ तेवढी पुढे येते. हे काम अ‍ॅपर्चरचं आहे. स्टॅबिलायझर कितीही स्टॉपचा असला, तरी मागचं एक डोकंही तो पुसट करत नाही.

शिवाय वेळ. दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात तेव्हा ऊन असतं, कुठल्याही लेन्सने फोटो येतात. मोठ्या जोड्या हौद्यात उतरतात तोवर दिवस कललेला असतो आणि दिवे लागलेले असतात. समजा, त्या दिव्यांत एफ २.८ आणि आयएसओ ३२०० ला १/१००० चा शटर मिळतोय. त्याच उजेडात एफ ४ ला १/५०० मिळेल, एफ ५.६ ला १/२५०. घिस्सा किंवा ढाक डाव लागतो तो क्षण १/२५० ला सापडत नाही. हात, मान, मातीचा फवारा, सगळं ओघळतं. मग पर्याय एकच, आयएसओ आणखी दोन स्टॉप चढवून १२८०० ला न्यायचा आणि चेहऱ्यावरचे कण मोजत बसायचं. अ‍ॅपर्चरचा एक स्टॉप आणि स्टॅबिलायझरचा एक स्टॉप हे एकाच नावाचे असले, तरी एकाच कामाचे नाहीत. पहिला जास्त उजेड आत घेतो. दुसरा उजेड तेवढाच ठेवून तुम्हाला शटर मंद करायची परवानगी देतो. तुमचा लंगोट कितीही घट्ट असला, तरी समोरच्याने टाकलेला डाव काही थांबत नाही.

आता यावर जे उत्तर मिळतं ते मी अनेकदा ऐकलंय आणि ते टाकाऊ नाही. नको असेल तेव्हा बटण बंद ठेव, पण असलेलं बरं. हे उत्तर फक्त एका ठिकाणी चुकतं: स्टॅबिलायझर फुकट मिळतो असं ते गृहीत धरतं. कॅननची ७०-२०० एफ ४ दोन रूपांत मिळायची, साधी आणि आयएसवाली. भिंगांची श्रेणी तीच, वजन ७०५ ग्रॅमचं ७६० ग्रॅम, आणि बाजारात असताना किंमत जवळजवळ दुप्पट. पण खरी गंमत पुढे आहे. या एफ ४ आयएसच्या किमतीत थोडीच भर घातली, की विना-आयएस एफ २.८ यायची. म्हणजे गिऱ्हाइकासमोर कंपनीने सरळ प्रश्न ठेवला होता: जवळपास तेवढ्याच पैशांत स्टॅबिलायझर हवा, की दुप्पट उजेड? सेकंडहँड बाजारात हा प्रश्न आजही तसाच उभा आहे, आणि डीएसएलआर वापरणारी आपली बरीचशी पोरं खरेदी करतात ती तिथंच. आयएस असलेली एफ २.८ सर्वांत चांगली, याबद्दल वादच नाही. ज्याला ती परवडते त्याला माझ्या लेखाची गरज नाही आणि त्या चार जाणत्यांच्या सल्ल्याचीही नाही. वाद आहे तो खिशाला मर्यादा असलेल्याचा. त्याला 'आयएस नसलेली घेऊच नको' असं सांगणं म्हणजे एफ २.८ च्या दुकानाचं दार त्याच्या तोंडावर लावणं.

एफ २.८ चा आणखी एक फायदा दुकानात कोणी सांगत नाही. डीएसएलआरमध्ये फोकस होत असताना लेन्सचं तोंड पूर्ण उघडं असतं. शटर एफ ८ ला मारायचा असला, तरी फोकस २.८ च्या उजेडात होतो. अनेक बॉडींचा मधला फोकस पॉइंट २.८ च्या लेन्सवर जास्त अचूक चालतो. दिव्याखालच्या कुस्तीत लेन्स 'शोधत' बसली की निकाल लागून जातो.

विरुद्ध बाजूचे दोन मुद्दे मात्र मी मान्य करून टाकतो, कारण ते खरे आहेत आणि ते सहसा कोणी मांडतही नाही. पहिला वजनाचा. विना-आयएस एफ २.८ चं वजन १३१० ग्रॅम आहे. दुपारी दोनपासून हौद्याच्या कडेला उकिडवं बसून ती हातात धरली की संध्याकाळी मनगट बोलायला लागतं. त्यावर मोनोपॉड हे उत्तर आहे, जो स्टॅबिलायझरपायी किमतीत पडणाऱ्या फरकाच्या फार थोड्या भागात येतो, पण तो घेऊन गर्दीत वावरणं सोपं नाही, हेही तितकंच खरं. दुसरा मुद्दा पावसाचा. कॅननच्या या जोड्यांमध्ये आयएसवाल्या लेन्सना धूळ-पाण्यापासून बचाव करणारं सीलिंग आहे, साध्यांना नाही. जूनमध्ये पन्हाळ्यावर जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, किंवा दुधाची मोठी पिशवी आणि दोन रबर बँड बरोबर ठेवावेत. मी दुसरं करतो.

पावसाचा विषय निघालाच आहे तर गुलालाचंही बोलू. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांबरोबर गुलाल असा उधळतो की डोंगर गुलाबी होतो, आणि झूम करताना नळी पुढे-मागे होणारी लेन्स तो गुलाल आत ओढते. जुन्या ७०-२०० लेन्सची नळी बाहेर येत नाही, सगळी हालचाल आत होते. स्टॅबिलायझरवरून रात्र जागवणारे लोक नळीचा हा प्रश्न विचारत नाहीत, याचं मला नवल वाटतं. कॅननची आरएफ माउंटची २०१९ ची ७०-२०० एफ २.८ बघा. स्टॅबिलायझर उत्तम, पण नळी बाहेर येते. जोतिबाला नेणार असाल तर जपून.

कोणी म्हणेल, कोल्हापूर म्हणजे काय नुसती कुस्ती आणि फुटबॉल? बरोबर. म्हणूनच मी स्टॅबिलायझरविरुद्ध बोलत नाही, सक्तीविरुद्ध बोलतोय. अंबाबाईच्या किरणोत्सवाचं उदाहरण घ्या. नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत देवीच्या चरणांवरून वर सरकतात. मूर्ती स्थिर, उजेड कोवळा आणि काही मिनिटांचा, लांबून टिपायचं आणि त्या गर्दीत ट्रायपॉड मांडायची कल्पनाही करू नये. इथं चार स्टॉपचा स्टॅबिलायझर चोख काम करतो, एफ ४ असला तरी. राधानगरीचंही तसंच. १९५८ साली गव्यांसाठी राखलेल्या दाजीपूरच्या जंगलात संध्याकाळी गवा कुरणाच्या कडेला येतो आणि पुतळ्यासारखा तुमच्याकडे बघत उभा राहतो. तो उभा आहे तोवर १/६० पुरतो आणि स्टॅबिलायझरशिवाय ३०० मिमीला १/६० हातात निभणं कठीण. रंकाळ्यावर पाण्यात डोलणारा वारकरी पक्षी आणि काठावर ध्यान लावलेला बगळा यांच्यासाठीही तो हवा. बगळा उडाला की पुन्हा शटर, पुन्हा अ‍ॅपर्चर. बैलगाडा शर्यतीत तर एक मधलाच प्रकार आहे: १/६० ला कॅमेरा बैलांबरोबर फिरवत फोटो काढायचा, पाय आणि माती पुसट, तोंडं धारदार. यासाठी स्टॅबिलायझरला आडवी हालचाल सोडून फक्त उभी थरथर धरायला सांगणारी वेगळी पद्धत लागते. १९९५ च्या त्या पहिल्या लेन्समध्ये ती नव्हती, नंतरच्या अनेकांत आहे. जुनी लेन्स घेताना बाजूला दोन मोडचं बटण आहे का एवढं बघावं.

आणि व्हिडिओ. लग्नाचं शूटिंग हातात कॅमेरा धरून करणाऱ्याने माझं काहीही ऐकू नये. त्याने स्टॅबिलायझर असलेलीच लेन्स घ्यावी. चालत्या चित्रात हाताची थरथर प्रत्येक फ्रेमला दिसते आणि तिथं वेगवान शटर मदतीला येत नाही.

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून बघताना लेन्समधला स्टॅबिलायझर दृश्यही शांत करतो, हाही फायदा खरा आहे. ३०० मिमीला लांबचा खेळाडू डोळ्यासमोर नाचत असेल तर फोकस पॉइंट त्याच्यावर ठेवणं अवघड जातं. पण हात बसला, कोपर छातीला टेकले, की ही अडचण थोड्याच महिन्यांत निम्मी होते. एफ ५.६ ची लेन्स सरावाने एफ २.८ होत नाही.

विना-स्टॅबिलायझर म्हटलं की सगळंच चांगलं, असाही माझा दावा नाही. उलट, वाईटात वाईट सौदा त्याच रांगेत आहे. किटबरोबर मिळणाऱ्या स्वस्त ७०-३०० आणि ७५-३०० लेन्स बघा. लांब टोकाला एफ ५.६ किंवा ६.३ आणि वर स्टॅबिलायझरही नाही. निकॉनने २०१६ मध्ये डीएक्स बॉडींसाठी एएफ-पी ७०-३०० दोन रूपांत आणली. व्हीआर असलेली ४१५ ग्रॅम, नसलेली ४०० ग्रॅम, आणि अमेरिकेतला किमतीतला फरक फक्त पन्नास डॉलर. अ‍ॅपर्चर दोन्हींचं तेच. इथं व्हीआर डोळे झाकून घ्यावा, कारण तो सोडून बदल्यात काहीच मिळत नाही. (ही लेन्स सेकंडहँड घेणाऱ्याने मात्र एवढं बघावं, की डी९० किंवा डी७००० सारख्या जुन्या बॉडीवर ती फोकसच करत नाही. बॉडी दुकानात घेऊन जा, लावून बघा, मग पैसे द्या.)

तेव्हा प्रश्न 'आयएस आहे का' हा नाही. आयएस सोडून बदल्यात काय मिळतंय, हा आहे. उजेड मिळत असेल तर सौदा, नुसते हजार-दोन हजार वाचत असतील तर फसवणूक.

अलीकडे एक नवा युक्तिवाद आलाय. आता स्टॅबिलायझर बॉडीतच येतो, वाद संपला. वाद संपलेला नाही. बॉडीतली यंत्रणा सेन्सर हलवते आणि सेन्सरला हलायला जागा थोडी असते. हात अर्धा अंश डचमळला तर ५० मिमीला प्रतिमा सेन्सरवर अर्धा मिलिमीटरही सरकत नाही. ३०० मिमीला तीच अडीच मिलिमीटरहून जास्त सरकते. म्हणून लांब लेन्सवर बॉडीतला स्टॅबिलायझर दमतो आणि लेन्समधला तग धरतो. शिवाय नवख्याच्या हातात असलेल्या बॉडी कोणत्या? कॅननची आर ५० आणि आर १०, निकॉनची झेड ३० आणि झेड ५०. यांपैकी एकीतही तो नाही. ज्याला या युक्तिवादाने दिलासा द्यायचा, त्याच्याच कॅमेऱ्यात ती सोय नसते.

सर्वांत हटवादी मंडळी म्हणतात, कंपन्यांनीच आता स्टॅबिलायझरशिवाय टेली झूम बनवणं सोडलंय, तुम्ही कुठल्या काळात आहात? टॅमरॉनने सोनीसाठी २०२० साली ७०-१८० एफ २.८ काढली, व्हीसी न घालता, ८१० ग्रॅममध्ये. निकॉनने २०२३ मध्ये झेड माउंटची ७०-१८० एफ २.८ आणली, व्हीआर न घालता, ७९५ ग्रॅममध्ये. स्वतःच्याच व्हीआरवाल्या ७०-२०० एफ २.८ च्या निम्म्याहून कमी किमतीत आणि जवळपास निम्म्या वजनात. वजनाची जी तक्रार मी वर मान्य केली, ती या लेन्सनी बरीचशी निकालात काढली आहे. टॅमरॉनने पुढच्या आवृत्तीत व्हीसी घातला आणि वजन ८५५ ग्रॅम झालं, तेही चांगलंच झालं. ज्याला जमेल त्याने तीच घ्यावी. पण दोन कंपन्यांच्या अभियंत्यांनी स्टॅबिलायझर काढून २.८ ठेवायचं ठरवलं, २.८ काढून स्टॅबिलायझर ठेवायचं ठरवलं नाही, याकडे आपल्या जाणत्यांनी जरा बघावं. कॅननने मात्र २०२५ मध्ये आरएफ ७५-३०० आणली, एफ ४-५.६, आयएस नाही. ती आर ५० किंवा आर १० वर लावून दिव्याखाली खासबागेत गेलात, तर बॉडीतही स्टॅबिलायझर नाही, लेन्समध्येही नाही आणि उजेडही नाही. त्या लेन्सला चार जाणत्यांनी खुशाल नावं ठेवावीत, मीही त्यांच्या शेजारी उभा राहीन. फक्त नावं ठेवताना दोष एफ ५.६ पासून मोजायला सुरुवात करावी.